काटेवाल्याच्या मागावर

३ ऑक्टोबर, मंगळवार

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर लोकांनी आम्हाला खोटं सांगितलं होतं. "आमच्या गावांत कोणी आवाज चढवत नाही," असं भूगोलाच्या सिस्टर फळ्यावर नकाशा काढता काढता सांगायच्या आणि आम्ही चाळीस मुली तोंडाचा आ करून ऐकायचो. आज त्यांच्याच देशातल्या पहिल्या छोट्या गावात उतरले. पाय फलाटाला लागतो न लागतो तोच दोन धटिंगण तिसऱ्याला सायकलच्या पंपाने बडवताना दिसले. त्याचा खालचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता. बाकीचे लोक घड्याळाकडे बघत उभे. मी सिस्टरांनी घोटून घेतलेल्या त्यांच्याच भाषेत ओरडले, "लाज वाटत नाही?" एकाने वळून मला जे सांगितलं ते सिस्टरांनी शिकवलं नव्हतं, पण कळलं.

खोली लोखंडी सामानाच्या दुकानावर आहे. स्वच्छ. खिडकीतून रूळ दिसतात.

चिरंजीवांचा फोन. "आई, सदुसष्टाव्या वर्षी परदेशात एकटीने रेल्वेने गावं फिरायची, हे काय खूळ? ज्येष्ठांच्या सहली असतात की." असतात. पस्तीस म्हातारे, एक बस आणि दर अर्ध्या तासाला स्वच्छतागृह. मी म्हटलं, "तुझे बाबा गेल्यापासून तुम्ही मला कपाटासारखं या खोलीतून त्या खोलीत हलवताय. आता कपाट स्वतःच्या पायांनी निघालंय." मागून सूनबाई म्हणाली, "मफलर घेतलाय का विचारा." घेतलाय.

एकवीस दिवसांचा पास आहे. या फाट्यावरच्या कुठल्याही गावात उतरा, चढा. शेवटचं स्टेशन मोठ्या शहराचं, तिथून विमान.

४ ऑक्टोबर, बुधवार

घरमालक आणि मालकीण एकमेकांवर ताटल्या फेकतात. न्याहारीला तिच्या कपाळावर चिकटपट्टी होती, त्याच्या कानाला टाके. सामना बरोबरीत. दोघं मिळून मला पाव आग्रहाने वाढत होते. मी पाव घेतला. जिथे दोघांनाही लागतं तिथे पंच होऊ नये.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

गाडीत डबा जवळजवळ रिकामा. समोर एक जोडपं येऊन बसलं. तो पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात लाकडी पेटी, पितळी कोपऱ्यांची. ती बाविसेक वर्षांची, डावा हात प्लास्टरमध्ये. त्याने मला इथल्या भाषेत अदबीने विचारलं, "ही जागा मोकळी आहे ना?" मी मान हलवली. मी गोरी, केस कापलेले, अंगात पॅन्ट-कोट, मांडीवर इंग्रजी रहस्यकथा. त्याने मला इथलीच कोणीतरी समजून टाकलं. मग बायकोकडे वळला आणि अगदी शांत आवाजात, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं, आपल्या भाषेत सुरू झाला:

"रडायचं तोंड करून बसलीस तर दुसरा पण मोडीन. हस. ते समोरचं घुबड बघतंय. हस म्हणतो ना."

ती हसली.

घुबड मी. पुस्तकाचं पान उलटलं. आपली भाषा येते हे दाखवायचं नाही, असं त्याच क्षणी ठरवून टाकलं. चोराला वाटतं आपल्याला कोणी बघत नाही; तसंच वाटू द्यावं. एक तास वीस मिनिटं तो बोलत होता. तिची आई, तिचा बाप, तिची चाल, तिने त्यांच्या कालच्या घरमालकिणीकडे बघून केलेलं स्मित, एकेकाला सोलून काढत होता. तिकीट तपासनीस आला तेव्हा मात्र साखर पेरली. "बायको जिन्यावरून पडली हो," म्हणाला. "फार धांदरट आहे."

चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. पडणारा माणूस हात टेकतो, त्याचं मनगट जातं. त्याला प्लास्टर कोपराच्या खाली. हिचं प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत, आणि दोनदा तिने बोटं फिरवली ती मनगटाच्या नि कोपराच्या बरोबर मधल्या जागेवर. अल्ना, करंगळीच्या बाजूचं हाड. ते एकटंच मधोमध मोडतं ते शक्यतो एकाच कारणाने: डोक्यावर येणारा फटका हातावर घेतला की. असे किती फोटो मी धुऊन वाळत घातले. रजिस्टरात "कारण" असा रकाना असायचा. बरोबर आलेला माणूस सांगेल ते लिहायचं. निदान करणं तंत्रज्ञाचं काम नाही, असा नियम होता, आणि नियम मी पाळला.

तपासनिसाशी बोलताना त्याने कामही सांगितलं. दुकानातले वजनकाटे तपासतो, गावोगाव. पेटीत प्रमाणित वजनं. काटा बरोबर असेल तर वर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर तारीख नि सही. "बायकोला बरोबरच ठेवतो, एकटीला करमत नाही," म्हणाला. पेटी उघडून त्याने पितळी वजन दाखवलं तेव्हा ती खिडकीकडे सरकली.

७ ऑक्टोबर, शनिवार

गावात राहायची जागा एकच, त्यामुळे ते शेजारच्या खोलीत.

दुपारी तीनला भिंतीपलीकडे सुरू झालं. आधी त्याचा आवाज, तोच शांत. मग धप्प. मग खुर्ची. मग तिचा आवाज नाहीच, फक्त श्वास, एखाद्याला पाण्यातून वर काढल्यावर येतो तसा. धप्प. धप्प. मी पलंगावर बसून होते. उठून दार ठोठावायला हवं होतं. मी उठले आणि मोरीचा नळ पूर्ण सोडला, म्हणजे ऐकू येणार नाही. हे लिहायला लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहायचं तर मग पत्रंच लिहावीत.

दहा मिनिटांनी नळ बंद केला. तेही थांबलं होतं.

थंडीने माझा डावा हात ठणकतोय, मधोमध, नेहमीच्या जागी. चिरंजीव चौथीत होता त्या वर्षी बाथरूममध्ये घसरले होते. माझा फोटो मीच काढला होता. एका हाताने प्लेट लावणं सोपं नसतं. डॉक्टर म्हणाले होते, "बाई, तुमच्यासारखी तंत्रज्ञ होणे नाही."

८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खालच्या खोलीत न्याहारी. तो हात धुवायला गेला. मी सूप समजून नुसतं उकळतं पाणीच तोंडाला लावलं आणि "आई गं!" निघून गेलं. साठ वर्षांचं कॉन्व्हेंट एका चटक्यात वाहून गेलं.

ती दगड होऊन बघत राहिली. मग ओठ न हलवता, "काकू, तुम्ही आपल्यातल्या?"

"काकू म्हणू नकोस. बोल, वेळ कमी आहे."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हण, पण बोल!"

ती जे बोलली ते असं. लग्नाला अकरा महिने. इथली भाषा येत नाही, तो शिकू देत नाही. पासपोर्ट त्याने वजनांच्या पेटीत ठेवलाय, खालच्या मखमलीखाली. मोठ्या शहरात आपली वकिलात आहे असं तिने ऐकलंय. तिथे पोचली तर घरी जाता येईल. नाही पोचली तर, म्हणाली, "या थंडीत मी संपेन." अगदी साध्या आवाजात.

"पेटीला कुलूप?"

"नाही. त्याला वाटतं भीती पुरे."

"पेटी तो हातातून सोडतो कधी?"

इथे पोरीचं डोकं चाललं. मंगळवारी पुढच्या गावात धान्याच्या गोदामातला मोठा काटा आहे, मालमोटारी तोलायचा. त्याला ही छोटी वजनं लागत नाहीत, गोदामाची स्वतःची मणामणाची असतात. तो दोन तास तिकडे, पेटी खोलीत. सव्वाअकराची गाडी मोठ्या शहराकडे जाते. मी तिचं तिकीट काढून फलाटावर थांबायचं, तिने पासपोर्ट घेऊन यायचं.

"आणि तोवर तुम्हाला काही कळत नाही हं," ती म्हणाली. "तो काहीही बोलला तरी. तुमच्याबद्दल बोलला तरी."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "तोंड बंद ठेवणं मला जमतं."

९ ऑक्टोबर, सोमवार

नाही जमलं.

उद्या सगळं पार पडणार होतं. फक्त आजचा दीड तासाचा प्रवास गप्प बसून काढायचा होता. तो पुन्हा समोर, ती त्याच्या शेजारी, पेटी त्याच्या पायाशी. तासभर त्याने तिला सोललं आणि मी पुस्तकात डोकं घातलं. मग विषय संपले असावेत, कारण माझ्यावर आला. माझ्याकडे बघून इथल्या पद्धतीने नम्र मान लववली आणि आपल्या भाषेत तिला म्हणाला:

"ही बघ. या वयात एकटी भटकते. हिच्या नवऱ्याने वेळच्या वेळी हिला चार ठेवून दिल्या असत्या ना, तर अशी गावभर उंडारली नसती."

आणि मी म्हटलं, "दिल्या होत्या. तरी उंडारतेय."

शब्द सुटला नि मला माझाच आवाज ऐकू आला. ती डोळे मिटून बसली. तो आधी हसला. खरंच हसला. मग म्हणाला, "अरे वा. आपल्याकडच्या निघालात की, काकू! इतके दिवस सांगायचं नाही का? आमची ही एकटी पडते हो." बोलता बोलता त्याने तिचं प्लास्टर हातात घेतलं आणि अंगठ्याने त्या जागी दाबलं. प्लास्टर कडकडलं. ती ओरडली नाही. तिच्या नाकातून पाणी आलं.

"सोड तिला!"

"आमचं स्टेशन आलं, काकू."

ते त्यांचं स्टेशन नव्हतं. आडगाव, गाडी मिनिटभर थांबते तेवढंच. त्याने तिला दंडाला धरून उतरवलं. गाडी हलली. खिडकीतून पाहिलं, फलाटावर दुसरं कोणी नाही, आणि तो पेटी फिरवतोय, दोन्ही हातांनी, घण फिरवावा तशी. पेटीचा कोपरा तिच्या बरगड्यांत बसला. ती गुडघ्यांवर आली. मग तोंडावर. मग गाडी वळली.

साखळी होती. डोक्यावरच होती. तिच्याखाली चार ओळींची सूचना होती, आणि मी ती वाचली. सगळी. दंडाच्या रकमेसकट. ओढायची तेवढी राहिली.

एक गोष्ट स्वच्छ लिहिते. मी म्हटलं ते खरं नव्हतं. हे रागीट होते, ऑफिसातला राग घरी आणायचे, हात उगारला असेल दोन-चारदा. कोणाचा उगारत नाही? "दिल्या" म्हणावं असं काही नव्हतं. टोमण्याला टोमणा म्हणून तोंडातून गेलं. एका टोमण्यापायी त्या पोरीची पाठ फोडून घेतली मी. माझ्या जिभेला सिस्टरांनी साबण लावला होता तो वायाच गेला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पहिल्या गाडीने मागे त्या आडगावात. स्टेशनमास्तर बादलीने फलाट धूत होता.

"काल इथे एक माणूस बायकोला मारत होता."

"हो. मी पाहिलं." तो धूतच राहिला. "फार जोराने मारत होता."

"मग?"

"नवरा-बायको आहेत म्हणाला. इथली नाहीत ती."

"उद्या तुमच्या मुलीला कोणी मारलं आणि म्हणाला, इथली नाही, तर चालेल?"

"मला मुलगी नाही, बाई."

असल्यांशी बोलून नरडं कोरडं पडतं. पोलीस चौकी मोठ्या गावात, तिथल्या माणसाने नाव विचारलं. मला त्यांची नावं माहीत नाहीत. पत्ता? नाही. तक्रार करणारी कुठे आहे? नाही. त्याने पेन खाली ठेवलं.

बाहेर भाजीवाल्याकडे सफरचंदं घेतली, उपाशी होते म्हणून. त्याने काट्यावर ठेवली आणि माझी नजर काट्याच्या तोंडावर गेली. पिवळी चिकटपट्टी. त्यावर निळ्या शाईत कालची तारीख आणि गिचमिड सही.

"हा माणूस कधी आला होता?"

"काल दुपारी. बायकोला बाकावर बसवलं होतं. ती आजारी होती का हो? मी पाणी दिलं तर त्याने नको म्हटलं."

"कुठे गेला?"

"तो सांगत थोडाच बसतो!"

नसेल सांगत. पण जाईल तिथे तारीख लिहून ठेवतो की. दुसऱ्याचं माप तपासत फिरणारा गाढव.

११ ऑक्टोबर, बुधवार

चार गावं, अकरा दुकानं. गाडीतून उतरायचं, स्टेशनजवळच्या दुकानात शिरायचं, काट्यात डोकावायचं. एका खाटकाला वाटलं मी त्याचं माप खोटं म्हणतेय. त्याने सुरा फळीत रोवला आणि म्हणाला, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालत्या व्हा." मी म्हटलं, "तुझं माप बरोबर आहे, डोकं तपासून घे." त्याच्या काट्यावर मागच्या वर्षीची पट्टी. तिथे अजून गेलेला नाही. म्हणजे पलीकडच्या दिशेला.

पूल असलेल्या गावात किराणावाल्याकडे आजची तारीख. मी पोचले तेव्हा दोन तास झाले होते.

चिरंजीवांचा फोन घेतला नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. बोटांना रक्त होतं आणि वहीला लागलं असतं. आता चौकीच्या बाकावर बसून लिहितेय. सकाळ आहे, समोर चहा आहे.

काल दुपारी बाराला नदीकाठच्या गावात मासेवालीच्या काट्यावरची पट्टी बघितली. बोट लावलं तर शाई फासली. मासेवाली म्हणाली, "आत्ताच गेला. समोर वर राहतो, निळं दार. बायकोला डांबून ठेवलंय हो, कडी बाहेरून." तिच्या हातातला सुरा मागावा असं क्षणभर वाटलं. मागितला नाही. छत्री होती.

जिना चढले. दार उघडंच होतं, तो नुकताच आत आला असावा. ती पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर. एक डोळा पूर्ण मिटलेला, जांभळा. प्लास्टर कोपरापाशी फुटून सुटलेलं. पेटी टेबलावर उघडी.

"या, काकू," तो म्हणाला. "वाटच बघत होतो."

"चल गं," मी तिला म्हटलं. "ऊठ."

त्याने दार लावलं. मी छत्री घातली त्याच्या तोंडावर, गालफड फाटलं असेल थोडं. पुढचं सलग आठवत नाही. त्याने माझे केस धरले. केस कापलेले, म्हणून नीट धरता येईनात, मग मान धरली. भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा. चष्मा फुटला. काच भुवईत गेली. त्याचा अंगठा माझ्या घशात होता आणि त्या तशातही तो शांतपणे बोलत होता, "जीभ. जीभ फार लांब. जीभ." मला श्वास नव्हता. आयुष्यभर लोकांना सांगितलं, श्वास घ्या, धरून ठेवा. मी धरून ठेवला.

मग टप् असा आवाज आला. पिकलेलं कलिंगड जमिनीवर पडावं तसा. त्याचा अंगठा सुटला. त्याच्यामागे ती उभी, धडक्या हातात दोन किलोचं वजन, वरच्या गुंडीला धरलेलं. पहिला फटका खांद्यात बसला होता. तो तिच्याकडे वळला, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य, काटा चुकीचा निघाल्यासारखं. तिने दुसरा कानावर दिला. तो बसला. तिसऱ्याची गरज नव्हती. तिसरा दिला. तोंडातून दातांचा चुरा आला. चौथ्याला मी तिचा हात धरला.

तो जिवंत आहे. दवाखान्यात डोळे उघडतो, बोलत नाही.

फौजदार आला. माझ्या वयाला शोभेल एवढा जाड चष्मा त्याला. त्याने तिला विचारलं, कोणी मारलं? तिला भाषा कळेना, तिने माझ्याकडे पाहिलं. मी आपल्या भाषेत विचारलं. ती ताठ उभी राहिली, त्या एका डोळ्याने त्याच्याकडे बघत म्हणाली, "मी मारलं. मीच."

आणि मी फौजदाराला सांगितलं, "ती म्हणते, या बाईंनी मारलं. मी मारलं."

कसं सुचलं कोण जाणे. ती कोवळी पोर, परक्या देशात, आयुष्य पुढे आहे. माझं काय, कपाट. असं मी मनात म्हटलं. पण खरं सांगायचं तर "मी मारलं" हे दोन शब्द उच्चारताना माझ्या अंगातून जे गेलं त्याला दया म्हणत नाहीत. मला ते पुन्हा म्हणावंसं वाटलं. म्हटलंही. फौजदाराने मला वरून खाली पाहिलं, अठ्ठेचाळीस किलो, आणि लिहून घेतलं.

चौकीत आम्हाला बाकावर बसवलं. महिला पोलिसाने तिचा हात पट्टीने बांधला, माझ्या भुवईतली काच काढली. पासपोर्ट पोरीने पेटीतून आणला होता, ब्लाउजमध्ये होता. सगळं बरं होतं. मग आतून कोणीतरी मला एकटीला बोलावलं, सही करायला.

"तुम्हालाच का बोलावतात?" तिने विचारलं. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"सांगितलं, मी मारलं. तू गप्प बस. सव्वाअकराची गाडी रोज असते."

मला वाटलं ती पाया पडेल. ती उठली. तिचा ओठ सुजला होता, त्यामुळे थुंकी उडत होती.

"का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? अकरा महिन्यांत एक काम केलं मी. एक! स्वतःच्या हाताने. तेही तुम्ही घेतलंत?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"तोही हेच म्हणायचा!"

मी आत जाऊन सही करून आले.

थोड्या वेळाने तीच शेजारी टेकली. "तुमचा नवरा मारायचा ना?"

"नाही."

"गाडीत म्हणालात."

"ते बोलायला बोलले."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी उजव्याने डावा दाबून धरला होता, चौकीत फार गारठा होता. मग ती उठून थेट फौजदाराच्या टेबलापाशी गेली. टेबलावर कागदात गुंडाळून ते वजन ठेवलं होतं. कोणी अडवायच्या आत तिने ते उचललं. महिला पोलीस धावली. पोरीने स्वतःच्या छातीवर थाप मारली, वजन डोक्यावर नेलं आणि खाली आणलं, धाड! टेबलाची काच तडकली. एक. पुन्हा. दोन. पुन्हा. तीन. मग वजन हलकेच ठेवलं, माझ्याकडे बोट केलं आणि मान हलवली: नाही. छातीवर पुन्हा थाप.

फौजदाराने माझा कागद उचलला, मधोमध फाडला आणि नवा घेतला. मला म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेर बसा."

१४ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांनी तिच्या अंगावरच्या खुणांची मोजदाद केली, जुन्या-नव्या मिळून सव्वीस. महिला पोलीस म्हणते, त्या जोरावर खटला वेगळा उभा राहील, स्वसंरक्षणाचा. वकिलातीला फोन गेलाय, माणूस सोमवारी येईल. तोवर तिला बायकांच्या निवाऱ्यात ठेवणार. गाडी, विमान, घर, सगळं आता तिच्या जबाबाच्या कागदावर. जबाब तिच्या तोंडून जायला हवा आणि तिच्या तोंडची भाषा इथे मला एकटीलाच येते.

तिने मला बोलावून घेतलं. "भाषांतर तुम्ही करा. पण माझं एक ऐका."

"बोल."

"मी बोलेन तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही. मी शिवी दिली तर शिवी. मी रडले तर थांबायचं. तुम्हाला मधे काही चांगलं सुचलं तरी नाही."

"मला कॉन्व्हेंटमध्ये..."

"काकू."

मी हो म्हटलं.

दहाला सुरू झालं. ती लग्नाच्या दिवसापासून सांगत गेली. पहिली थप्पड कशासाठी, ते सांगितलं. अंघोळीच्या पाण्याचं सांगितलं. मधे अशा गोष्टी आल्या की मला त्याला शिव्या घालायच्या होत्या. घातल्या नाहीत. तिने घातल्या तेवढ्या सांगितल्या, इथल्या भाषेत जवळच्या शोधून, त्यातली एक मला पहिल्या दिवशी फलाटावर मिळाली होती. तिसऱ्या फटक्यापाशी फौजदाराने विचारलं, तेव्हा तो खाली बसलेला होता ना, मग का मारला? तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "तो मला मारून थांबायचा तेव्हा मला कधी कळायचं नाही की थांबलाय. मला थांबता आलं नाही." मी तेवढंच सांगितलं. फौजदाराने लिहिलं. त्याने ते पुन्हा वाचून दाखवलं, मी पुन्हा तिला सांगितलं, तिने मान हलवली.

दोन तास दहा मिनिटं मी बोलत होते आणि त्यात माझा एकही शब्द नव्हता. घसा सुकला होता, त्याच्या अंगठ्याची जागा दुखत होती.

तिने सही केली. उजव्या हाताने, मोठ्या अक्षरात. फौजदार कागद घेऊन आत गेला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"झालं माझं," ती म्हणाली. "आता तुमचं बोला, काय बोलायचं ते. मी ऐकते."

उजव्याने दाबून धरलेला डावा हात मी सोडला. मी पाणी मागितलं.